शिरंबेकरांच्या रमा

शिरंबेकरांच्या घरात थोरल्या मुलाची बायको ही रमाच असते. माहेरी ती यमी असो, चिमी असो, नाहीतर साक्षात मेनका असो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली की शिरंबेकरांचा थोरला मुलगा मुकाट्यानं 'रमा' लिहितो. का, असं विचारायची सोय नाही. कुणीतरी कधीतरी सुरू केलं आणि पुढच्यांनी चालू ठेवलं. बहुतेक रीती अशाच असतात.

या रीतीचं फळ १९६२ साली छापलेल्या 'शिरंबेकर कुलवृत्तांता'च्या चौऱ्याऐंशीव्या पानावर पाहायला मिळतं. 'विश्वनाथ गणेश. पत्नी रमा. अपत्ये अकरा.' त्यांतलं पहिलं १८६१ सालचं आणि शेवटचं १९०० सालचं. म्हणजे ही माउली एकोणचाळीस वर्षं बाळंत होत होती! संपादकांनी ते छापलं, प्रुफं तपासणाऱ्यांनी सोडून दिलं आणि पुढे सत्त्याहत्तर वर्षं शेकडो शिरंबेकरांनी ते अभिमानानं वाचलं.

रमाताईंनी ते वाचलं तेव्हा त्यांना आधी हसू आलं आणि मग त्यांचे हात शिवशिवू लागले. सांगलीतल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली होती. लग्नपत्रिका असो की पाठ्यपुस्तक, चूक दिसली की ती दुरुस्त होईपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. आता एकाहत्तराव्या वर्षी कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं संपादन त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्या स्वतःही शिरंबेकरांच्या थोरल्या सूनच; म्हणून तर रमा. माहेरी त्या मंजिरी होत्या, पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

पहिल्या संपादकांकडे नव्हतं असं एक साधन मात्र त्यांच्याकडे होतं. त्याचं नाव 'उकल'.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तयार झालेली ही संगणकप्रणाली. ती बनवणाऱ्या गटातल्या डॉ. तबस्सुम बागवान मूळच्या मिरजेच्या, पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. पहिल्या भेटीत त्यांनी रमाताईंच्या स्वयंपाकघरात बसूनच सगळं शास्त्र समजावून सांगितलं.

“काकू, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलीय का कधी?”

“दोन शिवल्यात. एक बरी झाली.”

“मग झालं. आपण सगळे गोधड्याच. निम्मे तुकडे आईकडचे, निम्मे बापाकडचे. त्यांना त्यांच्या आईबापांकडून आलेले. पाच पिढ्यांमागच्या एखाद्या बाईचे चार तुकडे तुमच्या मुलात असतील, सहा तुकडे हुबळीच्या कुणा अनोळखी माणसात असतील. एका गोधडीवरून काही कळत नाही. पण तीनशे वंशजांच्या गोधड्या शेजारी शेजारी पसरल्या की यंत्र तुकड्याला तुकडा लावत जातं आणि सांगतं, मुळात लुगडी किती होती. नाव एकच असलं तरी दोन लुगडी ती दोनच.”

“आणि बायका? आमच्याकडे घोळ बायकांचाच आहे.”

“बायकांसाठी आणखी एक खूण असते. पेशीत मायटोकाँड्रिया म्हणून असतात, त्या फक्त आईकडून येतात. विरजणासारखं आहे बघा ते. आईनं लेकीला दिलं, लेकीनं तिच्या लेकीला. मुलाला मिळतं, पण तो पुढे कुणाला देत नाही. म्हणून मला लेकींच्या लेकी शोधून द्या.”

इथेच खरी मेख होती. कुलवृत्तांतात लेक लग्न होऊन गेली की तिचं पान बंद. 'कन्या द्वारका, सासरी कऱ्हाड' एवढ्या चार शब्दांवरून रमाताईंनी चौदा महिने फोन केले, पत्रं धाडली, ओळखीपाळखी काढल्या. द्वारकेची खापरपणती अखेर गदगला सापडली. लाळेच्या नळ्या टपालानं गेल्या आणि टपालानं परत आल्या. 'उकली'नं तीनशे अकरा नळ्या वाचल्या आणि निकाल दिला: विश्वनाथरावांची रमा म्हणजे तीन बायका. पहिलीची तीन मुलं, दुसरीची पाच, तिसरीची तीन. एक गेली की दुसरी आली. तिला तेच नाव, तीच चूल आणि आधीचीची मुलं. कुलवृत्तांतानं तिघींना मिळून एक दीर्घायुषी सौभाग्यवती करून टाकलं होतं.

'उकल' आल्यापासून असे प्रकार घरोघर चालले होते. एका घराण्याचा पानिपतावर पडलेला शूर पूर्वज दोन निघाला. एकाच नावाचे दोन चुलतभाऊ. त्यातला एक खरोखरच पडला होता आणि दुसरा घरी येऊन बावीस वर्षं सुपारीचा व्यापार करत होता. सगळं घराणं नेमकं सुपारीवाल्याचं. लोक हसत, चिडत, कोर्टात जात आणि शेवटी नळीत थुंकून टपालात टाकत.

रमाताईंच्या लेकीला, ऋजुताला, या सगळ्याची भारी गंमत वाटे. ती कुपवाडला पशुवैद्य होती; वय एकोणपन्नास, आवाज खणखणीत.

“आई, आमच्या गाईम्हशींच्या वहीत आईचा नंबर आधी लिहितात,” ती म्हणायची. “तुमच्या शिरंबेकरांपेक्षा आमच्या म्हशींचा कुलवृत्तांत बरा.”

सगळ्यात आधी नळी भरून दिली ती तिनंच. बडोद्याच्या धाकट्या भावाच्या, अमोघच्या मागे लागून त्याचीही मागवून घेतली. नळी दिली नाही ती फक्त रमाताईंनी. “मी कुठे शिरंबेकरांच्या रक्ताची?” असं म्हणून त्यांनी विषय टाळला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वावगं होतं. रमाताई या मधुसूदन शिरंबेकरांच्या दुसऱ्या पत्नी होत्या. पहिली १९९१ च्या डिसेंबरात कावीळ होऊन गेली, तेव्हा ऋजुता दीड वर्षाची होती. चार महिन्यांत मधुसूदनांचं दुसरं लग्न झालं आणि ताटात तेच नाव लिहिलं गेलं. सासूबाईंनी तुळशीवर हात ठेवून साऱ्या भाऊबंदांना शपथ घातली, पोरीला कुणी सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल. मधुसूदन रेल्वेत होते. त्यांची बदली इटारसीला झाली आणि पुढची अकरा वर्षं तिघं, मग चौघं, तिकडेच राहिले. कागदांनीही साथ दिली. ऋजुताच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव रमा. शाळेत, शिधापत्रिकेवर, पासपोर्टवर आईचं नाव रमा. एक अक्षरही बदलावं लागलं नाही. मिरजेला परत आले तोवर माहीत असलेली माणसं म्हातारी झाली होती, मग एकेक करत गेली. सहा वर्षांपूर्वी मधुसूदनही गेले.

सत्तेचाळीस वर्षं झाली. रमाताईंना कधी कधी स्वतःलाच वाटे की ऋजुताच्या वेळच्या कळा आपल्याला आठवतात.

त्या शनिवारी दुपारी डॉ. तबस्सुम न कळवता आल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच रमाताईंनी ओळखलं.

“काकू, नव्या आवृत्तीचं पान दोनशे बारा,” म्हणत त्यांनी संगणकाचा पडदा पुढे सरकवला. 'रमा, मधुसूदन यांच्या पत्नी', आणि खाली बारीक अक्षरांत: 'व्यक्ती एक नव्हे, दोन.'

“पण मी नळी दिलीच नाही!”

“आईची नळी लागत नाही. दोन मुलं पुरतात. सख्ख्या भावंडांत साधारण निम्मं जुळतं. ऋजुताताई आणि अमोघ यांच्यात पाव जुळतंय, तेही सगळं वडिलांकडचं. आणि दोघांचं विरजण वेगळं आहे.”

रमाताईंनी चष्मा काढून पुसला. चूक शोधायला त्यांनीच यंत्र आणलं होतं, त्यांनीच नळ्या जमवल्या होत्या.

“उद्याचा सोडून पुढल्या रविवारी सगळ्यांचे अहवाल ज्याच्या त्याच्या फोनवर जातात,” तबस्सुम म्हणाल्या. “ते मला थांबवता येत नाहीत, ज्याची नळी त्याचा अहवाल. पण संपादकाला एक मुभा ठेवलीय. दत्तक मुलं असतात, आणखीही काय काय असतं. हे 'जैसे थे'चं बटण. हे दाबलं की कुटुंबानं सांगितलेलं नातं यंत्र खरं धरतं आणि ती ओळ अहवालातून गळते. कायमची. पुढे कुणी मुद्दाम विचारलं तरी सांगत नाही. दाबायचं तर रविवारच्या आत दाबा.”

“तू काय केलं असतंस?”

“मी आठ वर्षं यंत्र बनवलं, काकू. यातलं मला काहीच कळत नाही.”

त्या गेल्यावर रमाताई पडद्यासमोर बसून राहिल्या. प्रुफात चुकून काटलेला शब्द राखायचा असला की त्याच्याखाली टिंबं देतात. अशी हजारो टिंबं त्यांनी दिली होती, पण चूक आहे हे माहीत असून एकदाही दिली नव्हती. बोट बटणापर्यंत दोनदा गेलं. सत्तेचाळीस वर्षांचं आईपण एका ओळीनं जाईल का? नाही जाणार, असं मन सांगत होतं, आणि लगेच दुसरं मन विचारत होतं, गेलं तर?

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी त्या सांगलीला विश्रामबागेत आप्पांकडे गेल्या. आप्पा म्हणजे कुलमंडळाचे अध्यक्ष, मधुसूदनांचे चुलतभाऊ, वय चौऱ्याऐंशी. शपथ घेतलेल्यांपैकी हयात असलेले ते एकटेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

“वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. दाबा बटण आणि चहा घ्या.”

“आप्पा, तिचं माहेरचं नाव काय होतं हो?”

“कुणाचं?”

“पहिलीचं.”

“रमा.”

“ते झालं इकडचं. माहेरचं?”

आप्पांनी डोळे मिटले. “निपाणीकडची होती. उंच होती. बोलायची कमी... नाही, कमी बोलायची ती आमची धाकटी भावजय. नाव काही आठवत नाही बुवा. तिच्या माहेरच्यांना तुमच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, पोरीच्या दृष्टीस पडू नका म्हणून. नाही पडले बिचारे.”

“तुम्ही तिच्या हातचं जेवला असाल.”

“जेवलो की! दोन वर्षं दर रविवारी यायचो. तुमच्याही हातचं जेवलो.” आप्पा प्रेमळपणे हसले. “खरं सांगू? दोघींच्या आमटीत आता मला फरक सांगता येत नाही.”

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आप्पा तसे देवमाणूस. पण चौऱ्याऐंशीव्या पानावरच्या तिघींचं असंच झालं असणार. कुणी दुष्टपणानं त्यांना पुसलं नव्हतं. चांगल्या माणसांनी, चहा घेत घेत, लेकरांच्या भल्यासाठी पुसलं होतं. आणि आप्पांना कशाला बोल लावायचा? ज्या बाईची लेक आपण वाढवली, तिचं नाव आपण तरी कधी विचारलं? एका अक्षराच्या चुकीसाठी लेखकाच्या घरी जाणारी बाई मी, आणि हे मी विचारलं नाही.

चहा न घेताच त्या उठल्या. “अहो वहिनी!” आप्पा मागून हाक मारत राहिले.

सोमवारी सकाळी त्या रिक्षा करून कुपवाडला गेल्या. ऋजुता एका गोठ्यात म्हशीच्या खुराला पट्टी बांधत होती.

“आई? तू इथे? कुणाला काही झालं का?”

“नाही. तुझं आटपू दे.”

हातपाय धुऊन ऋजुता आली आणि दोघी पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर बसल्या. रमाताईंनी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वापरता आलं नाही. जे सांगायचं ते चार वाक्यांत संपलं.

ऋजुता हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिली. घातली, मोडली, पुन्हा घातली.

“कशानं गेली?”

“काविळीनं. अकरा दिवस दवाखान्यात होती.”

“वय?”

“चोवीस.”

“नाव?”

“रमा.”

“आई, मी तिचं नाव विचारतेय.”

“मला माहीत नाही.”

ऋजुता ताडकन उठली. “या गोठ्यातल्या एकेका म्हशीला नाव आहे. मागल्या वर्षी मेलेल्या म्हशीचंसुद्धा नाव आठवतं मला. आणि माझ्या आईचं नाव तुला सत्तेचाळीस वर्षांत विचारावंसं वाटलं नाही?”

'माझ्या आईचं' हे शब्द रमाताईंना लागले. लागणारच होते. पण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“वाटलं होतं. भीती वाटायची. नाव कळलं की ती खरी झाली असती आणि तू थोडी तिची झाली असतीस. मला तू सगळी हवी होतीस.”

म्हशीनं शेपटी झटकली, मालक लांब उभा राहून यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता.

“तिचं काही आहे?” पुन्हा कठड्यावर बसत ऋजुतानं विचारलं.

“आपल्या देवांमध्ये तो लहान चांदीचा टाक आहे ना, कोपऱ्यातला?”

“ती देवी?”

“ती देवी नव्हे. ती ती आहे. दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात आधीचीचा टाक घालतात. इटारसीला गेल्यावर मी तो गळ्यातून काढून देवांत ठेवला. तू काय आहे म्हणून विचारशील, म्हणून.”

“लहानपणी रोज मी तिला कुंकू लावायचे,” ऋजुता म्हणाली. “तू लावायला सांगायचीस.”

“हो. तेवढं एक मी केलं.”

संध्याकाळी ऋजुता घरी आली. देवघरासमोर वाकली, तो टाक उचलला, हातरुमालात बांधला आणि चप्पल पायात सरकवून गेली. रमाताईंनी स्वयंपाकघरातून बघितलं, पण हाक मारली नाही.

अहवालांचा रविवार आला. बटण तसंच राहिलं, अहवाल गेले. दुपारी बडोद्याहून अमोघचा फोन आला.

“आई, ताई सावत्र आहे?”

“तो शब्द आपल्या घरात काढायचा नाही.”

“मग काय म्हणायचं?”

ऋजुताचा फोन आला नाही. त्या आठवड्यातही नाही आणि पुढच्याही नाही. रमाताईंनी केला नाही. आपण सत्तेचाळीस वर्षं गप्प बसलो, तिला दोन आठवडे बसू द्यावं, असा हिशेब त्यांनी मनाशी केला. पण फोन वाजला की चष्मा न लावताच त्या धावत.

मधल्या दिवसांत त्यांनी सारा मजकूर नव्यानं लिहिला. ज्या ज्या रमेचं माहेरचं नाव सापडलं, ते लिहिलं. नाही सापडलं तिथे 'अज्ञात'. चौऱ्याऐंशीव्या पानावरच्या तिघीही अज्ञातच राहिल्या, पण निदान तीन झाल्या. मग दोनशे बारावं पान. आपल्या नावाखालून लेकीचं नाव उचलून दुसरीच्या नावाखाली ठेवायचं. काम एका ओळीचं; त्याला अख्खी दुपार लागली. एवढं रडू त्यांना नवरा गेला तेव्हाही आलं नव्हतं.

छापण्याआधी सगळा मजकूर कुलसभेत वाचायचा आणि तिथल्या तिथे दुरुस्त्या घ्यायच्या, हा शिरंबेकरांचा जुना शिरस्ता. मिरजेतल्या एका मंगल कार्यालयात दोनशे माणसं जमली. व्यासपीठावर रमाताई लाल पेन घेऊन बसल्या, शेजारी अध्यक्षस्थानी आप्पा. एकेक नोंद वाचायची, मग आप्पांनी विचारायचं, “हरकत कुणाची?” कुणी बोललं नाही की नोंद मंजूर.

हरकतींना तोटा नव्हता. “आमच्या दादांची बी.कॉम. राहिलीय!” “माझं जन्मसाल दोन वर्षांनी अलीकडचं घ्या!” “मग तुझी थोरली बहीण कुठे जाईल?” हशा, टाळ्या, मठ्ठ्याचे पेले. चौऱ्याऐंशीव्या पानावरच्या तीन रमा आल्या तेव्हा मात्र सभा थोडी शांत झाली. मागच्या रांगेत गदगची द्वारकेची खापरपणती बसली होती. तिनं हात जोडले.

दोनशे बारावं पान आलं तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. रमाताईंनी मान वर न करता वाचलं.

“मधुसूदन गणेश. रेल्वेत सिग्नल खात्यात. प्रथम पत्नी रमा, माहेरचे नाव अज्ञात, निधन १९९१. कन्या ऋजुता. द्वितीय पत्नी रमा, माहेरची मंजिरी. पुत्र अमोघ.”

सभागृहात कुजबुज झाली. पुष्कळांना ते पहिल्यांदाच कळत होतं. आप्पांनी घाईघाईनं विचारलं, “हरकत कुणाची? नाही ना? मंजूर.”

“दुरुस्ती आहे.”

तो खणखणीत आवाज ओळखायला वर बघावं लागलं नाही. तरी रमाताईंनी बघितलं. दाराजवळ ऋजुता उभी होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या केसांची, उंच बांध्याची एक अनोळखी बाई बसली होती. ऋजुतानं गळ्यात काळ्या दोऱ्यात तो टाक घातला होता.

“अज्ञात नाही,” ऋजुता म्हणाली. “तिचं नाव शालन. शालन रघुनाथ हेर्लेकर. हेर्लेकरांनीही नळ्या दिल्या होत्या. अहवालात आईकडची माणसं जुळली, तेव्हा निपाणीला जाऊन आले. ही तिची धाकटी बहीण उज्ज्वला, माझी मावशी.”

रमाताईंनी 'अज्ञात'वर काट मारली आणि वर 'शालन' लिहिलं. सवतीचं नाव त्या पहिल्यांदा लिहीत होत्या. तीन अक्षरं; फार सरळ, साधं नाव होतं. हे विचारायला आपण एवढी वर्षं भ्यालो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

“घेतली दुरुस्ती,” आप्पा म्हणाले. “आता पुढे...”

“आणखी एक आहे आप्पाकाका. कन्या ऋजुता पहिलीची असं लिहिलंय. ते अर्धंच आहे. माझं नाव दोघींच्या खाली घ्या.”

“असं नसतं गं बाळ. एका लेकराला एक आई. यंत्रानंसुद्धा तोच निकाल दिलाय.”

“जन्म कुणी दिला ते यंत्रानं सांगितलं, त्याबद्दल त्याचे आभार. पण इटारसीला मला विंचू चावला, तेव्हा रेल्वे कॉलनीपासून दवाखान्यापर्यंत मला पाठुंगळीला घेऊन अनवाणी कोण पळालं, ते त्याला माझ्या लाळेत कुठून दिसणार?”

रमाताईंच्या डोळ्यांपुढे पान धूसर झालं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

आप्पांनी डोकं खाजवलं. साठ वर्षांच्या सभांमध्ये असली दुरुस्ती कधी आली नव्हती. “मी एकट्यानं कसं ठरवू? सभेलाच विचारतो,” ते म्हणाले आणि त्यांनी नेहमीच्या सुरात आवाज चढवला, “कन्या ऋजुता, दोघींची. हरकत कुणाची?”

दोनशे माणसं गप्प बसली. रमाताई खाली मान घालून बसल्या होत्या. हरकत घ्यायचा हक्क एकाच घराचा आहे आणि ते घर आज इथे बसलंय, हे त्यांना ठाऊक होतं.

मागे खुर्ची सरकली. निपाणीची उज्ज्वला उभी राहिली होती. एवढ्या माणसांपुढे बोलायची सवय नसावी. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि थेट व्यासपीठावरच्या रमाताईंकडे बघितलं.

“मी शिरंबेकर नाही, पण शालनच्या घरचं आता माझ्याशिवाय कुणी नाही. पोरगी सुखात राहावी म्हणून आम्ही लांब राहिलो. परवा ती घरी आली, तेव्हा बघितली.” तिनं एक हात सोडून ऋजुताच्या खांद्यावर ठेवला. “आमच्याकडून हरकत नाही.”